भांडवलशाही, साम्यवाद आणि उसाची मोळी

भांडवलशाही बरी की साम्यवाद बरा, हा वाद आपल्याकडे बहुधा निवडणुकीच्या तोंडावर निघतो आणि चहाच्या टपरीवर सुरू होऊन तिथेच विझतो. यंदा मात्र तो कारखान्याच्या गेटपर्यंत आला आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली की सभासदांत बोलणे सुरू होते. एक म्हणतो, "कशाला हा सहकाराचा खटाटोप, आबा? देऊन टाका एखाद्या खाजगी मालकाला चालवायला. त्याचा पैसा, त्याची अक्कल. आपल्याला भाव मिळाल्याशी मतलब." दुसरा म्हणतो, "अहो, मालक आला की तो आधी आपल्याच मानगुटीवर बसणार. त्यापेक्षा सरकारनेच ताब्यात घ्यावा. सरकार काही रातोरात पळून जात नाही." दोघेही आपलेच सभासद, दोघांचाही ऊस एकाच काट्यावर येतो. पहिल्याने ॲडम स्मिथ वाचलेला नाही आणि दुसऱ्याने मार्क्स वाचलेला नाही. पण ज्या दोन विचारांपायी विसाव्या शतकात निम्मे जग एका बाजूला आणि निम्मे दुसऱ्या बाजूला उभे राहिले, तेच दोन विचार ते बोलत असतात.

या दोन व्यवस्थांची तुलना करणारे ग्रंथ ढिगाने आहेत. त्या पांडित्यात शिरण्याचे कारण नाही. थोडक्यात सांगायचे तर भांडवलशाहीत जमीन, यंत्र, कारखाना हे खाजगी मालकीचे, भाव बाजार ठरवणार आणि नफा मालकाचा. साम्यवादात हे सगळे समाजाच्या मालकीचे. प्रत्यक्षात मात्र ते सरकारच्या मालकीचे झाले आणि सरकार एका पक्षाच्या मालकीचे. काय पिकवायचे, किती पिकवायचे आणि काय भावाने द्यायचे हे वरून योजना ठरवणार. आपण ऊसवाले. दोन्हीकडच्यांनी साखर केलेली आहे, कोणी उसाची, कोणी बिटाची. तेव्हा आपण आपल्या मापाने मोजू. उसाचा भाव कोणी ठरवला? आणि तो चुकला तेव्हा शेतकऱ्याला जाब कोणाला विचारता आला?

आधी भांडवलशाही बघू, कारण ती आपल्या वाडवडिलांनी अंगावर झेललेली आहे. १९३२ साली इंग्रज सरकारने बाहेरच्या साखरेवर संरक्षक जकात बसवली. तोवर देशात आधुनिक साखर कारखाने होते तीसएक. पुढच्या चार-पाच वर्षांत ते सव्वाशेच्या वर गेले. भांडवलाला वाव मिळाला की ते किती वेगाने धावते याचे हे उदाहरण आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. आपल्या दक्षिणेतही कालव्यांच्या पट्ट्यात, नगर (आताचा अहिल्यानगर), पुणे, सोलापूर भागांत खाजगी कारखाने उभे राहिले. यंत्रसामग्री, उसाची नवी वाणे, खतांची शिस्त हे सारे त्यांनी आणले. पण ऊस कोणाचा? बराचसा त्यांचा स्वतःचा. आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यांनी लांब मुदतीच्या खंडाने घेतल्या होत्या. मंदीत गुळाचा भाव कोसळलेला, कालव्याची पाणीपट्टी चढलेली, सावकार दारात. अशा वेळी खंडाच्या कागदावर अंगठा उठवणारा शेतकरी काही भावाची घासाघीस करीत नव्हता. कायद्याच्या दृष्टीने तो करार दोन स्वतंत्र माणसांनी राजीखुशीने केलेला होता. भांडवलशाहीची सारी मेख इथे आहे. करार दोघांचा असतो, पण एकाला थांबायला सवड असते आणि दुसऱ्याला नसते. तोडलेला ऊस तरी कुठे थांबतो? दोन दिवस उन्हात पडला की उतारा घसरला.

भांडवलशाहीचे माहेर म्हणजे अमेरिका. तिथे १९३३ साली, मंदी ऐन भरात असताना, शेतमालाचे भाव वर यावेत म्हणून सरकारने साठ लाखांच्या आसपास डुकरे आणि डुकरांची पिल्ले विकत घेऊन मारली आणि उभा कापूस नांगरून टाकण्यासाठी शेतकऱ्याला पैसे दिले. शहरात लोक पावासाठी रांगेत उभे होते. आणि बाजारावर भरवसा ठेवा असे जगाला सांगणाऱ्या या देशाने स्वतःची साखर सहसा बाजारावर सोडलेली नाही. १९८२ पासून तर आयातीवर कोटा आहे, शिवाय साखर तारण ठेवून सरकारी कर्जाचा आधार. म्हणजे मुक्त बाजाराचा उपदेश इतरांना, आणि घरच्या शेतकऱ्याला कुंपण! प्रस्तुत लेखकाला त्या कुंपणाचा राग नाही. ते आपल्यालाही हवेच आहे. राग आहे तो उपदेशाचा.

आता दुसरी बाजू. रशियात १९२९ पासून स्टालिनने शेती सक्तीने एकत्र केली. जमीन, बैल, अवजारे सामुदायिक शेतात जमा करायची. सरकारी वसुलीचा धान्याचा आकडा वरून यायचा आणि तो आधी भरायचा. उरलेल्यातून श्रमदिनांच्या हिशेबाने शेतकऱ्याला वाटा. उरले नाही तर वाटाही नाही. १९३२-३३ साली युक्रेनमध्ये, कझाकस्तानात लाखो माणसे उपासमारीने मेली. बिटाच्या साखरेचा आणि गव्हाचा तो मुलूख, आपल्या गोदाकाठासारखी काळीभोर जमीन. त्याच वेळी धान्य परदेशी जात होते. ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामुदायिक शेतातली कणसे चोरणाऱ्याला दहा वर्षे कैद किंवा मृत्युदंड ठरला. स्वतः पेरलेल्या शेतातली कणसे, हे लक्षात घ्या.

त्याच रशियात पुढे एक गंमत झाली. शेतकऱ्याला घरामागे थोडी परसबाग ठेवायची मुभा होती. देशाच्या एकूण लागवडीच्या जेमतेम तीन-चार टक्के ती जमीन. पण बटाटे, भाजी, दूध, अंडी मिळून देशाच्या शेती उत्पन्नाचा जवळपास पाव हिस्सा त्या परसातून येई. माणूस तोच, हवा तीच. सामुदायिक शेतात तो दुपारी बांधावर बसायचा आणि परसात अंधार पडेपर्यंत खुरपायचा. चीनमध्येही तेच. १९५८ पासून कम्यून आले, पाठोपाठ भयंकर दुष्काळ आला. १९७८ साली आन्हुई प्रांतातल्या श्यावगांग गावच्या अठरा शेतकऱ्यांनी गुपचूप कागद केला, की जमीन घरटी वाटून घेऊ, सरकारचा कोटा भरू, वरचे आपले. आणि यापायी कोणी तुरुंगात गेला तर त्याची पोरे बाकीच्यांनी सांभाळायची. खाली अंगठे उठवले. पुढच्या वर्षी पीक इतके आले की सरकारला तो गुन्हा गिळावा लागला, आणि काही वर्षांत साऱ्या देशाचे तेच धोरण झाले. ज्या राजवटीचे नाव शेतकरी-कामकऱ्यांचे राज्य, तिथे शेतकऱ्याला आपल्या शेतात राबण्यासाठी चोरून करार करावा लागला!

परंतु आपल्या कामाचे खरे उदाहरण क्यूबाचे. तो देशच उसाचा. १९५९ च्या क्रांतीपूर्वी तिथले कितीतरी मोठे कारखाने आणि पसरलेले ऊसमळे अमेरिकन कंपन्यांचे होते. तोडणी मजुराला हंगामाचे तीन-चार महिने काम, बाकी वर्ष हात रिकामे. त्या काळाला तिथे नावच 'मेलेला काळ' असे होते. फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले, जमिनीवर कमाल मर्यादा आली, १९६० साली अमेरिकेने साखरेचा कोटा कापला, क्यूबाने कारखाने ताब्यात घेतले आणि साखर रशियाला जाऊ लागली. इथवर कोणाही शेतकऱ्याला आनंद वाटावा असेच होते. १९६१ साली एका वर्षात त्यांनी निरक्षरता जवळपास हटवली, गावोगाव डॉक्टर नेला. तोडणी मजुराच्या पोराला शाळा मिळाली. आपल्याकडचा ऊसतोड मजूर आजही कोप्यांत पोरे घेऊन हिंडतो, तेव्हा क्यूबाला हसण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

मग १९७० चा हंगाम आला. एक कोटी टन साखर करायचीच असा हुकूम. आकडा कारखान्याच्या ताकदीवरून काढलेला नव्हता. देशाची इभ्रत म्हणून काढलेला होता. कचेरीतले कारकून, विद्यार्थी, लष्करातले जवान, सगळ्यांच्या हातात कोयते दिले. नाताळचा सण हंगामात नको म्हणून जुलैवर ढकलला. आता ज्याने एक हंगाम फडात काढला आहे त्याला पुढचे सांगायला नको. नवशिक्याच्या हाताने बुडखा वर राहतो, वाढे नीट तुटत नाही, पाचट मोळीत जाते. ऊस वेळेवर गव्हाणीत पोचत नाही, कारखाना मध्येच बंद पडतो, तोवर ऊस वाळतो, उतारा पडतो. सारा देश राबवून साखर झाली ८५ लाख टन. तो त्यांचा विक्रमच होता! पण ठरल्या आकड्यापेक्षा पंधरा लाखांनी कमी. आणि त्यापायी दूध, बांधकाम, वाहतूक, बाकी सगळ्या धंद्यांचे कंबरडे मोडले. २६ जुलै १९७० रोजी कॅस्ट्रोंनी जाहीर सभेत अपयश कबूल केले. कबूल केले हा मोठेपणा खरा. पण आकडा ठरवताना फडातल्या माणसाला कोणी विचारले होते का? नाही. आणि कबुलीनंतर आकडा ठरवणारे बदलले का? तेही नाही.

रशिया चढा भाव देऊन साखर घेत होता आणि बदल्यात तेल देत होता, तोवर गाडा चालला. ऐंशीच्या दशकात साखर सत्तर-ऐंशी लाख टनांवर होती. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला. दोन वर्षांत उत्पादन निम्म्यावर आले. १९९३ साली क्यूबा सरकारने सरकारी मळे मोडून त्यांच्या 'सहकारी संस्था' केल्या. नाव सहकारी, पण जमीन सरकारची, ऊस सरकारलाच घालायचा, भाव सरकारचा, खत सरकार देईल तेव्हा. २००२ साली १५६ पैकी ७१ कारखाने बंद केले. २०२२-२३ च्या हंगामात सगळ्या देशाची साखर साडेतीन लाख टनांच्या आसपास झाली. आपल्या राज्यातले दोन-तीन मोठे कारखाने मिळून एवढी साखर करतात. एके काळी जगाला साखर पुरवणारा देश आज बाहेरून साखर आणतो. अमेरिकेची नाकेबंदी हे त्याचे एक कारण नक्कीच आहे, आणि ते मोठे आहे. पण नाकेबंदी १९८० मध्येही होतीच.

आपल्या घरचेही एक उदाहरण सांगितले पाहिजे, कारण "सरकारने घ्यावा" म्हणणाऱ्यांच्या ते विस्मरणात गेले आहे. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला तेव्हा खाजगी साखर कारखान्यांकडच्या त्या खंडाच्या हजारो एकर जमिनी सरकारने काढून घेतल्या. शेतकऱ्याला वाटले, आता आपली जमीन आपल्याला मिळणार. १९६३ साली स्थापन झाले राज्य शेती महामंडळ, आणि जमीन गेली महामंडळाकडे. मालक गेला, साहेब आला. खंडकरी मोर्चे काढत राहिले, कोर्टात हेलपाटे घालत राहिले. प्रत्यक्ष जमिनी परत मिळायला लागल्या त्या २०१२ च्या सुमारास. ज्यांनी अंगठा उठवला होता त्यांतले बहुतेक तोवर हयात नव्हते, नातवंडांनी सातबारा हातात घेतला. भांडवलदाराने नेलेली जमीन सरकारने सोडवली, आणि सोडवून पन्नास वर्षे स्वतःकडे ठेवली!

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे आहे, की दोन्ही व्यवस्था शेतकऱ्याच्या बाबतीत एकाच जागी फसल्या. एकीत निर्णय मालकाच्या पेढीवर, दुसरीत निर्णय पक्षाच्या कचेरीत. फडातल्या माणसाने "हा आकडा कुठून आणला?" असे विचारायची सोय दोन्हीकडे नाही. फरक नाही असे मात्र मी म्हणणार नाही. मालकाचा भाव पटला नाही तर निदान शेजारच्या कारखान्याला ऊस घालता येतो, कोर्टात जाता येते, वर्तमानपत्रात लिहिता येते. स्टालिनच्या राज्यात तोंड उघडले तर सैबेरिया. माणसाच्या मानेवरचे जोखड तोलायचे झाले तर ते जोखड जड होते, यात मला शंका नाही.

१९५० साली प्रवराकाठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे केले, त्याची थोरवी या दोन्हींच्या पार्श्वभूमीवर कळते. एक अल्पशिक्षित शेतकरी, गावोगाव हिंडून शेअर गोळा करणारा. दुसरा नामांकित अर्थशास्त्रज्ञ, कारखान्याचा पहिला अध्यक्ष. ज्याचा ऊस त्याचाच कारखाना, आणि शेअर किती का असेनात, मत एकच. ही एका मताची रीत इंग्लंडातल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली आपल्या दुकानासाठी घालून दिलेली. पैशाला मत नाही, माणसाला मत. भांडवलशाहीत ते शेअरला असते आणि साम्यवादात नुसते कागदावर असते.

आणि हे काही आपल्याच मातीतले नवल नाही. खुद्द अमेरिकेत, रेड रिव्हर खोऱ्यातल्या बीट शेतकऱ्यांचा अनुभव आपल्यासारखाच होता. अमेरिकन क्रिस्टल शुगर कंपनी बीट किती एकर घ्यायचे ते ठरवी. कारखान्यात पैसा घालायला मात्र नाखूश. शेवटी १९७३ साली शेतकऱ्यांनीच वर्गणी आणि कर्ज काढून ती कंपनी सुमारे ८ कोटी ६० लाख डॉलरला विकत घेतली आणि तिची सहकारी संस्था केली. ती आजही चालू आहे. भांडवलशाहीच्या माहेरात शेतकरी खाजगी कारखाना विकत घेऊन सहकारी करतो, आणि आपण सहकारी कारखाना खाजगीला द्यायला निघालो आहोत!

अर्थात खाजगीची ही ओढ आभाळातून पडलेली नाही. कर्जापायी कितीतरी सहकारी कारखाने विक्रीला निघाले. २०२२-२३ साली राज्यात दोनशेहून अधिक कारखान्यांनी गाळप केले, त्यांत जवळपास निम्मे खाजगी होते. ते सगळेच शेतकऱ्याला बुडवतात असे नाही. काही जण वेळेवर आणि चोख भाव देतात. याउलट आपल्या सहकारात काय काय झाले ते सांगायला नको. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत रास्त आणि किफायतशीर भाव द्यावा, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज द्यावे, असा ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे. ते व्याज हातात पडलेला सभासद हुडकून काढावा लागेल. बिनपरतीच्या ठेवी कापल्या, त्या कशात गेल्या? मळीचे काय आले, इथेनॉलचे काय आले, बगॅसवर वीज केली तिचे काय आले? सर्वसाधारण सभेत अहवाल 'वाचला असे समजून' मंजूर होतो आणि जेवणाची पंगत बसते. अशा सभेत आणि क्यूबाच्या त्या 'सहकारी' मळ्यात फरक किती, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे. रशियाचे सामुदायिक शेतही कागदोपत्री सहकारीच होते. फलकावर शब्द कोणता आहे याला किंमत नाही. सभेत उठून बोलणाऱ्याचा ऊस पुढच्या हंगामात वेळेवर तुटतो की नाही, त्यावरून संस्था कोणाची ते कळते.

अजून एक गोष्ट, थोडी कडू आहे. ऊसतोड मजुराच्या दृष्टीने आपण कोण? उचल मुकादमाच्या हातात, पावती नाही, हिशेब नाही. कोयता बंद पडला तर दिवस बुडाला. त्याच्या लेखी आपण भांडवलदारच. त्या अमेरिकन सहकारी कंपनीनेही २०११ साली करार जमला नाही म्हणून सुमारे तेराशे कामगारांना गेटबाहेर ठेवले, ते २०१३ पर्यंत. कालचे नाडलेले शेतकरी मालक झाले आणि मालकासारखे वागले. मार्क्स इतर पुष्कळ बाबतींत चुकला असेल, पण या एका जागी त्याने आपल्यावर बोट ठेवले आहे, आणि ते बोट झटकून टाकता येत नाही.

येत्या सभेसाठी काही मागण्या आहेत. कोणाच्या विरोधासाठी नाहीत, आणि संचालक मंडळाला त्या अवघडही नाहीत. अहवाल सभेआधी पंधरा दिवस प्रत्येक सभासदाच्या घरी पोचावा, आणि गटवार बैठका घेऊन त्यावर बोलू द्यावे. ताळेबंदात आसवनी, इथेनॉल आणि सहवीज यांचे हिशेब साखरेपासून वेगळे दाखवावेत. रोजचे गाळप, रोजचा उतारा आणि काट्याच्या तपासणीची तारीख गेटवरच्या फळ्यावर लिहावी, खडूने लिहिली तरी चालेल. ठेवींचा जमाखर्च पहिल्या वर्षापासून एका पानावर छापावा. आणि तोडणीच्या उचलीची पावती मजुराच्या नावाने फाडावी, मुकादमाच्या नावाने नव्हे. खाजगीला द्यायचा की नाही हा विषय त्याच सभेत निघणार असेल तर निघू द्या. पण ती पाने आधी हातात पडू द्या, मग हात वर करू.